कडेनं बघणारे

मी तळघरातला. भिंगं घासायची, दांड्या वाकवायच्या,
पगार महिन्याच्या बारा तारखेला.
ती दुसऱ्या मजल्यावर. दारावर पाटी:
इंगुन हाउग्सरूड, सहयोगी प्राध्यापक.
अठरा वर्षं तीच पाटी.
अक्षरं मात्र तिनं माझ्याकडून बदलून घेतली,
काळ्यावर पिवळी, पंजाएवढी.
प्रशासनाचं पत्र आलं की हे नियमात बसत नाही.
पत्राची अक्षरं बारीक होती. तिनं ते भिंतीला लावलं,
विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून.

काँग्सबर्गला डिसेंबरात तीनला अंधार होतो.
अशाच एका तीन वाजता ती खाली आली,
हातात माझंच भिंग.
"ऑडवार, दहापट दाखवतं, छान आहे.
पण तोर्लाइवला गळाला दोरी बांधायचीय,
दोन्ही हात लागतात त्याला.
भिंग कशानं धरू म्हणतो, दातांनी?"
आम्ही ते चष्म्यावर चिकटवलं. पडलं.
पुन्हा चिकटवलं. तिरकं बसलं.
तिसऱ्या खेपेला जमलं, आणि कॉफी गार झाली होती.

तोर्लाइव कारखान्यातला टर्नर,
एके काळी केसाच्या जाडीचा फरक नुसत्या नजरेनं सांगणारा.
आता मधोमध काहीच नाही.
डाग नाही, काळं नाही, धुकंसुद्धा नाही म्हणायचा,
बायकोकडे बघतो तर कानातले दिसतात
आणि दोन कानातल्यांच्या मधे कुणी नसतं.
ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली:
"माझ्याकडे बघू नका.
माझ्या कानामागे खिडकी आहे, तिच्याकडे बघा.
आता मी कडेला येईन."
सात आठवडे. दर मंगळवारी.
आठव्या मंगळवारी तो म्हणाला,
"तुम्ही एवढ्या तरुण आहात होय!"

त्यावर तिनं निबंध लिहिला. अकरा रुग्ण.
दुसऱ्या परीक्षकाचा शेरा: नमुना लहान.
मिनिटाला किती शब्द वाचले, तेवढंच ठेवा,
प्रश्न तेविसावा काढून टाका.
प्रश्न तेविसावा असा होता:
गेल्या महिन्यात तुम्ही काय बघायचं टाळलंत?
उत्तरं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत अजून,
तिनं फेकली आणि मी उचलली.
बँकेचं पाकीट.
नातीचं नाटक, कारण टाळ्या कधी वाजवायच्या कळत नाही.
बटाटे सोलणं. त्यांचे डोळे राहून जातात.

ट्रोम्सोचा एक पोरगा वर्गात उठून म्हणाला,
डोळा तर बरा होत नाही, मग आपण नेमकं काय करतो?
ती रागावेल वाटलं होतं.
तिनं मी पॉलिश पेपरनं घासलेला चष्मा त्याला चढवला,
पांढरा कप दिला, दुधाची पिशवी दिली,
म्हणाली, भर.
सगळं टेबल भरलं.
मग काळा कप दिला.
एवढंच. तास संपला.
तो पोरगा आता बर्गनला हेच शिकवतो,
नाताळला मला कप पाठवतो. सहा झालेत, सगळे काळे.

प्राध्यापकपद मिळालं तेव्हा ती सत्तावन्नची.
पाटी पुन्हा मीच केली. एक शब्द कमी झाल्यानं
अक्षरं आणखी मोठी करता आली,
ह्यावर ती जास्त खूश होती.

निरोपाचं व्याख्यान मार्चमध्ये झालं.
तोर्लाइव नव्हता. त्याचा चष्मा आला होता आधीच,
बायकोनं खोक्यात घालून, नाकाच्या पट्टीला माशाचा एक खवला चिकटलेला.
बाकी सगळे आले. काठ्या, कुत्री, मुलं-सुना,
पहिल्या चार रांगा त्यांच्याच.
ती बोलायला लागली
आणि साठेक माणसांनी एकदम माना किंचित वळवल्या.
कुणी तिच्या खांद्यापलीकडे, कुणी छताच्या कडेला,
कुणी बाहेर जायच्या दिव्याकडे.
आपल्याकडे ह्याला काणाडोळा म्हणतात.

नवे डीन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले,
ऑस्लोहून आलेले, भले गृहस्थ.
कुजबुजले, वाईट वाटतं हो,
इतकी वर्षं दिली बाईंनी, आणि एकाचंही लक्ष नाही.

मी म्हटलं, जरा सरका.
तुमच्या मागे दिवा आहे.